टेबलाखालच्या पाहुणीबद्दल

अगं,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला आणि तो व्हिडिओ तीनदा बघितला. पाच वर्षांची कुत्री, घरी येऊन आज चौथा दिवस, टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसलीये, दिवसा वाटीला तोंड लावत नाही, रात्री सगळे झोपले की थोडंसं खाते, आणि तू विचारतेस की माझं काही चुकतंय का, तिला मी आवडत नाही का. फोनवर बोलले असते पण म्हटलं लिहूनच काढते, म्हणजे परत धीर सुटला की तुला वाचता येईल.

तू आवडत नाहीस असं काही नाहीये गं, तू तिला अजून माहीतच नाहीस. तिच्या जागी बसून बघ ना. पाच वर्षं कुठेतरी गेली, कुणाच्यातरी हातचं खाल्लं, मग ते माणूस गेलं, मग शेल्टर, दिवसरात्र भुंकाभुंक, आणि मग एक दिवस गाडीत घालून एका घरात आणून सोडलं जिथे प्रत्येक वास नवीन आहे. हे आता कायमचं घर आहे हे तुला माहितीये, तिला कोण सांगणार? तिला ते दिवसांवरूनच कळणार, एकसारख्या, कंटाळवाण्या, काहीच न घडणाऱ्या दिवसांवरून. म्हणून माझं तुला सांगणं एवढंच आहे की सध्या तिच्यावर प्रेम करायची घाई करू नकोस, तिचे दिवस बोअरिंग कर. उठायची वेळ तीच, खायची तीच, बाहेर न्यायची तीच, रस्ताही तोच.

रेस्क्यूचं काम करणारे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात. तीन दिवस नुसता श्वास घ्यायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे आपलं आहे असं वाटायला. कॅलेंडरवर खुणा करत बसू नकोस, काही कुत्री पंधरा दिवसांत सोफ्यावर पाय पसरतात आणि काहींना वर्ष लागतं. पण त्यातला तिसरा आठवडा मात्र लक्षात ठेव, कारण तिथेच लोक हात टेकतात. पहिले आठ दिवस सगळ्यांना सांगत असतात, किती शहाणी आहे, आवाजसुद्धा नाही. ती शहाणी नसते गं, थिजलेली असते. मग जरा जीव थाऱ्यावर आला की बेल वाजली की भुंकते, चप्पल पळवते, वाटीजवळ कुणी आलं की गुरगुरते, आणि लोक म्हणतात बिघडली आणि परत नेऊन सोडतात. अगदी जेव्हा ती मोकळी व्हायला लागलेली असते तेव्हा. तुझ्याकडे असं काही सुरू झालं तर आधी मला फोन कर.

आता तुझा व्हिडिओ. अकराव्या सेकंदाला तू हात पुढे नेतेस, ती मान बाजूला वळवते, नाक दोनदा चाटते, आणि तुझा हात तरी पुढेच येतो तेव्हा जांभई देते. तू खाली लिहिलंयस "झोप आलीये बिचारीला". झोप नाही आलेली, ती तुला थांब म्हणतेय. समोर खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग कडेने चंद्रकोरीसारखा दिसणं, गरमी नसताना धापा टाकणं, ही सगळी तिची बोली आहे. ही बोली तुला शिकावी लागेल, आणि खरं सांगते, एकदा का ती कळायला लागली की कुत्र्यांसोबत राहण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे.

मग करायचं काय, तर जमिनीवर बस, तिच्याकडे तोंड करून नाही, जरा तिरकी, हातात पुस्तक घे आणि तिच्याकडे न बघता अधूनमधून एखादी ट्रीट तिच्या दिशेने सोड. खाल्ली तर ठीक, नाही खाल्ली तर पडू दे. ती वास घ्यायला जवळ आली तरी लगेच हात लावायचा नाही, हे सगळ्यात कठीण आहे मला माहितीये. हात लावायची वेळ येईल तेव्हा डोक्यावरून नको, छातीला किंवा गळ्याच्या बाजूला, मनात तीन मोजेपर्यंत, आणि मग थांब. तिने अंग टेकलं, नाकाने हात ढोसला, तर पुढे चालू. नाही तर झालं, आजचं उत्तर मिळालं.

हे मी फार उशिरा शिकले आणि त्याची किंमत भुरीने मोजली. माझी पहिली मोठ्या वयाची कुत्री, सहा वर्षांची. दुसऱ्याच दिवशी मी नातेवाईक बोलावले, सगळे तिच्यावर वाकून बघतायत, ती पलंगाखाली गेली, एकाने हात घातला, ती गुरगुरली आणि मी तिला जोरात ओरडले. परत गुरगुरली, परत ओरडले. महिन्याभरात तिचं गुरगुरणं बंद झालं आणि मला वाटलं सुधारली. मग एकदा झोपेत असताना माझ्या भाच्याने तिच्या कानाला हात लावला आणि ती कसलाही आवाज न करता सरळ चावली. इशारा द्यायची तिची एकच सोय होती ती मीच काढून घेतली होती. नंतर व्हेटने तपासलं तर कानात जुनं इन्फेक्शन होतं, दुखत होतं तिला इतके दिवस. तेव्हापासून कुत्रं गुरगुरलं की मी आहे तिथे थांबते, एक पाऊल मागे होते आणि कशामुळे झालं ते शोधते. आणि झोपलेल्या कुत्र्याला आधी हाक, मग हात. हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेव.

तू शूचं पण लिहिलंयस, शेल्टरवाले म्हणाले होते शिकलेली आहे आणि ती तर हॉलमध्ये करतेय. ते खोटं बोलले असं लगेच समजू नकोस. पाव्हलॉव्ह तुला माहिती असेल, तोच लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांचा प्रयोगवाला रशियन शास्त्रज्ञ. १९२४ मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला, मोठा पूर आला, त्याच्या लॅबमधल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यात पाणी शिरलं आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यांना बाहेर काढलं. नंतर बघितलं तर काही कुत्र्यांची शिकलेली गोष्ट पुसल्यासारखी झाली होती, हळूहळू परत आली, पण दाराखालून नुसता पाण्याचा ओघळ आत आला तरी ती परत हादरायची. तुझ्या कुत्रीवर पूर आला नाहीये, पण तिचं सगळं जग चार दिवसांपूर्वी वाहून गेलंय, शिकलेलं थोडं सांडणारच. तिला लहान पिल्लू समजून पहिल्यापासून सुरू कर. दर दोनतीन तासांनी, उठल्यावर, खाल्ल्यावर, एकाच जागी न्यायचं आणि तिथे झालं की तिथेच उभं राहून ट्रीट द्यायची, घरात आल्यावर नाही, घरी येईपर्यंत कशाबद्दल मिळाली ते तिला कळत नाही. घरात झालं तर काही न बोलता पुसून टाक, एन्झाइमवाला क्लीनर वापर. अमोनिया असलेला नको, त्याचा वास लघवीसारखाच वाटतो आणि ती परत तिथेच जाते.

खाण्याचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, रात्री खातेय म्हणजे भूक आहे, फक्त सगळ्यांसमोर खायची हिंमत नाहीये. वाटी टेबलाजवळ सरकव आणि तिथून निघून जा. सध्या शेल्टरमध्ये जे खात होती तेच दे, बदलायचं असेल तर आठदहा दिवसांत थोडंथोडं मिसळत. मात्र सलग दोन दिवस अजिबात खाल्लं नाही, किंवा पाणी बंद झालं, उलट्या जुलाब सुरू झाले तर वाट बघायची नाही, व्हेट. तसंही या आठवड्यात एक साधी तपासणी करून घे, दात, कान, सांधे नीट बघायला सांग.

अंघोळ राहू दे. पाहुणे राहू देत. ट्रेनिंग क्लास पण महिनाभर नको. नाव बदलायचं तर खुशाल बदल, नवं नाव आणि ट्रीट अशी जोडी दहावीस वेळा लागली की ती वळून बघायला लागेल.

पण दाराच्या बाबतीत हयगय नको, इथे मी कडक आहे. घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकून पट्ट्यातून डोकं काढतं आणि सुटलं की तुझ्या हाकेला येणार नाही, कारण तुझी हाक म्हणजे काय हे तिला अजून माहीत नाही. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाल, लीश दोन्हीला अडकव, गळ्यात फोन नंबरचा टॅग आजच, आणि बाहेरचं दार उघडायच्या आधी मधलं दार बंद.

आणि तू आठवडाभर सुट्टी घेतलीयेस ते छान, पण पूर्ण आठवडा तिला चिकटून राहशील आणि सोमवारी एकदम नऊ तास गायब होशील तर ती सैरभैर होईल. आजपासूनच बाहेर जा आणि लगेच आत ये. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच. ती घाबरायच्या आत परत यायचं, जाताना निरोप नाही, आल्यावर सोहळा नाही. जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून ठेव म्हणजे मागे काय चाललंय ते दिसेल. सोमवारपर्यंत तासभरही जमत नसेल तर तिच्यासोबत बसायला कुणाला तरी विचार, पण तिला त्यात ढकलू नकोस.

रात्री तुझी गादी हॉलमध्ये टाकलीस तर बरं, टेबलापासून जरा लांब, ती बघू शकेल इतपत. व्हिडिओत मागे टीव्ही मोठ्याने चालू होता आणि दर वेळी टाळ्या वाजल्या की तिचे कान मागे जात होते, तेवढा आज बंद ठेव.