पुस्तकांची विचारपूस : आधीची वाचून झाली का?

(महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या पुस्तकविषयक प्रश्नांना उत्तरं देतात. जागेअभावी पत्रं संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : आम्ही वन बीएचकेमध्ये राहतो. माझ्याकडे सहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि त्यातली निम्मी तरी वाचायची राहिलीत. तरीही माटुंग्याला उतरलो, की किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून दोन-तीन उचलल्याशिवाय पाय निघत नाही. हल्ली पिशवी जिन्याच्या कोपऱ्यात ठेवतो आणि बायको झोपली की आत आणतो. मोबाइलमधली 'घ्यायची पुस्तकं' ही यादी वाढतेच आहे. "आधीची वाचून झाली का?" असं ती विचारते, तेव्हा मी गप्प बसतो. याला व्यसन म्हणायचं का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी ती पिशवी जिन्यातून उचला. जिन्यात ओल असते. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या बायकोचा प्रश्न मी अख्ख्या नोकरीत ऐकला. खरेदीची यादी सहीला नेली, की "मॅडम, आहेत ती तरी कुणी वाचतं का?" हे ठरलेलं. मग मी रंगनाथनांना पुढे करायची. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पाचवं म्हणजे ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढ थांबली, की उरतं ते गोदाम. (हे शेवटचं वाक्य माझं, पण सही मिळायची.)

आता मराठीपुरतं एक व्यवहाराचं बोलते. आपल्याकडे पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची असते, पुष्कळदा पाचशेचीच. त्यातल्या काही ग्रंथालयांत जातात, काही भेट म्हणून वाटल्या जातात, आणि दुसरी आवृत्ती निघेलच याची हमी प्रकाशकही देत नाही. खपणाऱ्या कादंबऱ्यांचं ठीक आहे. पण एखाद्या गावाचा इतिहास, कुणा डॉक्टरच्या किंवा शिक्षिकेच्या आठवणी, नाटक कंपन्यांवरचं एखादं पुस्तक, ही "पगार झाला की घेऊ" म्हटलं की गेलीच. मग अप्पा बळवंत चौकापासून फ्लोरा फाउंटनपर्यंत विचारत फिरा. अशी पुस्तकं दिसली की घ्यावीत, ती वाचायला आज वेळ आहे की नाही हे न बघता. उलट, जी कायम छापात असतात ती दुकानातच राहू द्या. दुकानदार त्यांची धूळ झटकायला समर्थ आहे. तुमच्या सहाशेंतून ही दुसऱ्या प्रकारची वेगळी काढलीत तर एक अख्खं कपाट मोकळं होईल, असा माझा अंदाज आहे.

न वाचलेलं पुस्तक वाया गेलं असं मला वाटतच नाही. माझ्याकडे फुटपाथवरूनच घेतलेलं एक प्रवासवर्णन आहे. मुखपृष्ठाच्या आत जांभळ्या शाईत 'सप्रेम भेट', खाली दुसऱ्याच कुणाची पेन्सिलने सही. म्हणजे किमान दोन घरं हिंडून आलेलं. पण तिसऱ्या फॉर्मनंतर, म्हणजे ४८ पानांपुढे, कागदाच्या वरच्या घड्या कापलेल्याच नव्हत्या. दोन्ही मालकांपैकी कुणी तिथवर पोचलंच नव्हतं! मी स्टीलची फूटपट्टी घेऊन एकेक घडी कापत गेले. कागद जुना, पिवळा, पण घडीच्या आतली बाजू अजून पांढरी होती. त्या दोघांनी ते वाचलं नाही, रद्दीतही घातलं नाही, म्हणून मला मिळालं. त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत.

आणि जागेचं म्हणाल, तर दादरच्या हिंदू कॉलनीतलं 'राजगृह' बाबासाहेबांनी बांधलं, तेच मुळी आपल्या ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा हवी म्हणून. न्यूयॉर्कला विद्यार्थी असल्यापासून पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तकं विकत घेणारा माणूस तो. पण हा दाखला घरी देऊ नका. बाबासाहेब ती वाचतही होते, आणि तुमची बायको हे लगेच लक्षात आणून देईल.

व्यसन कधी म्हणायचं? एकच पुस्तक दुसऱ्यांदा घेतलं जायला लागलं, किंवा मुलांच्या फीचे पैसे पुस्तकात गेले, तर म्हणायचं. तुमच्या पत्रावरून दोन्ही दिसत नाही. मात्र लपवाछपवी बंद करा. "नाही झाली, आणि सगळी होणारही नाहीत," असं सरळ सांगून टाका. तुमच्याच डोंबिवलीत पुस्तकांच्या अदलाबदलीचा सोहळा भरतो. वाचून झालेली आणि पुन्हा न उघडणारी तिथे न्या, आणि जाताना तिलाही न्या. येताना तिच्या हातात किती पुस्तकं असतात ते मला कळवा.

प्रश्न : आमचं घर कौलारू, कोकणातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. वडिलांच्या संग्रहाला कसर लागली आहे. शिवाय २०२१ च्या पुरात भिजलेली काही पुस्तकं तशीच बांधून ठेवली आहेत. डांबरगोळ्या पुरतील का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही पुरणार. आधी कीड कुठली ते बघा. पानाचा पृष्ठभाग आणि बांधणीची खळ खरवडल्यासारखी दिसते, ती कसर. पानांतून आरपार बारीक गोल भोकं आणि खाली भुकटी असेल, तर ती भुंग्याची अळी, आणि ती जास्त वाईट. अशी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरेल. मासे ठेवता तो कप्पा नको, एवढं सांगायला हवं का? कोकणात सांगायला हवं.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं ठासून भरू नका, मधून हवा खेळू दे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात उघाड पडली की कपाटाची दारं उघडी टाका. प्लास्टिकची कव्हरं काढा, ती ओल आत कोंडतात. पूर्वी पोथ्या सुती रुमालात बांधून शेजारी वेखंड ठेवत, ते अजूनही उत्तम. डांबरगोळ्या पोरंबाळं निजतात त्या खोलीत अजिबात नकोत. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्याशी मी बोलत नाही. दहा वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग कायमचा राहतो.

पुरातली पुस्तकं आता वाळलीच असतील. साध्या कागदाची असतील तर मऊ ब्रशने चिखल आणि बुरशी झटका, तोंडाला मास्क लावून आणि घराबाहेर. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत. ओढू नका, चित्रं सोलून निघतील.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर सांगतात ती पुस्तकं, मैत्रिणी सांगतात ती, रील्समधली, अशी दोनशेच्या वर नावं यादीत झाली. आता यादी उघडायचीच भीती वाटते. — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तुझ्या यादीत नुसती नावं आहेत, खरी अडचण ती. माझी यादी वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने सुरू होते, आणि प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं आणि का, हे एका ओळीत असतं. 'बसमधल्या बाई, वाचताना हसत होत्या.' 'बाइंडर म्हणाला, लोक हे परत परत बांधायला आणतात.' असं लिहिलं, की सहा महिन्यांनी कुठलं उचलायचं ते आपोआप कळतं. ज्याच्यापुढे काहीच लिहावंसं वाटत नाही, ते बेलाशक खोड. परीक्षेची नावं वेगळ्या पानावर घे, त्यांना या यादीत थारा नको. आणि दिवाळी अंकांतली परीक्षणं वाचताना पेन हातात घेऊ नकोस, यादी एका रात्रीत दुप्पट होते.

प्रश्न : आई-बाबा डिसेंबरमध्ये आमच्याकडे येणार आहेत. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. मी ४० पुस्तकांची यादी पाठवली, तर आईने भाजणी, मसाले आणि लोणच्याचं वजन करून "पंधरा बसतील" असं कळवलं. काय करू? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मध्यम आकाराची कागदी बांधणीची कादंबरी पाव किलोची, म्हणजे ४० मिळून दहा किलो. चार बॅगांत ९२ किलो जातं. चरित्रं आणि कोश असतील तर ते मागून टपालाने मागवा, जाड पुठ्ठ्याची बांधणी वजन खाते. दिवाळी अंक दोघांच्या हातातल्या पिशवीत घालू द्या, विमानात चाळायलाही होतील. आणि आईला सांगा, चकलीची भाजणी एडिसनला मिळते.