पडद्यावरची मराठी: व्याख्यात्यांचे प्रश्न

गणेशोत्सव आला की इंदुरात व्याख्याने, प्रकाशने आणि कार्यशाळांची रीघ लागते. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत: घरी सुरेख दिसलेले सभागृहात बिघडते. निवडक प्रश्न घेतले आहेत.

मंगल फॉन्टमध्ये केलेल्या स्लाइड संस्थेच्या संगणकावर उघडल्या तर ओळी खाली घसरल्या आणि शेवटचा मुद्दा चौकटीबाहेर गेला. फाइल तीच, मग असे का?
– निवृत्त प्राध्यापक, रामबाग

सर, फाइलमध्ये फॉन्ट नसतो, त्याचे फक्त नाव असते. त्या नावाचा फॉन्ट संगणकावर सापडला नाही, तर विंडोज जवळचा दुसरा लावून मोकळे होते. र. कृ. जोशींनी आखलेला मंगल विंडोज २००० पासून सोबत येई. विंडोज १० पासून तो ऐच्छिक झाला; अनेक नव्या संगणकांवर तो नसतो आणि त्याच्या जागी निर्मला यूआय येतो. दोघांच्या अक्षरांची रुंदी वेगळी, म्हणून ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात.

उपाय असा: पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जा. तिथे फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करण्याची खूण असते. ती करा आणि खालच्या दोन पर्यायांतला 'सर्व अक्षरे' हा निवडा. दुसऱ्या पर्यायात फक्त वापरलेली अक्षरे जातात. मग ऐन वेळी एखादा शब्द बदलायचा म्हटले तर अक्षरच नसते. टीटीएफ आणि ओटीएफ हे फॉन्ट-फाइलचे दोन प्रकार; टीटीएफ बहुधा विनातक्रार जातात, ओटीएफ पुष्कळदा जात नाहीत. म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत, खुल्या परवान्याचा टीटीएफ घ्या. मूळ फाइल, पीडीएफ आणि फॉन्टची फाइल असे तिन्ही पेनड्राइव्हवर ठेवा. पीडीएफमध्ये चलचित्रे हलत नाहीत, पण अक्षर जागचे हलत नाही, आणि व्याख्यानाला तेच महत्त्वाचे.

माझ्या स्लाइडमध्ये 'दुसऱ्या' हा शब्द रफार घेऊन 'दुसर्या' असा उमटतो. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मुलांना मराठी वळण शिकवायचे आणि पडद्यावर वेगळे दाखवायचे, हे पटत नाही.
– शिक्षिका, लोकमान्य नगर

ताई, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली टंकनाची आहे. साधा र, हलन्त आणि य असे टाइप केले की रफारच येणार. 'सूर्य'मध्ये तो हवाच. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कैऱ्या' यांसाठी खाली नुक्ता असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर र ज्या कळीवर आहे, तिथेच शिफ्ट धरून ऱ मिळतो; मग हलन्त, मग य. नुक्ता आपोआप नाहीसा होतो आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. एवढे करूनही तो दिसला नाही, तर दोष फॉन्टचा. फॉन्ट निवडताना 'तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर, वाङ्मय, मूर्ती' एवढे शब्द लिहून पाहा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते.

दुसरी अडचण वळणाची. चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली असेल तरच मराठी वळण पुढे येते. लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा, फॉन्टमध्ये सोय असेल तर फरक तिथल्या तिथे दिसतो. सगळी सॉफ्टवेअर ही नोंद मानत नाहीत. खात्रीचा मार्ग हवा असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट घ्या. हिंदी आणि संस्कृतसाठी त्याचे वेगळे फॉन्ट आहेत, त्यामुळे मराठीच्या फॉन्टमध्ये मराठी वळण मुळातच आहे. मात्र त्यात ठळक वजन नाही आणि बारीक रेषा खरोखर बारीक आहेत. मोठ्या मथळ्याला तो देखणा, तळटिपेला निरुपयोगी.

मंडळाची जुनी स्मरणिका कृतिदेवमध्ये आहे. मोबाइलवर ती इंग्रजी अक्षरांचा काला दिसते. कन्व्हर्टरने बदलली तर निम्मे शब्द मोडले.
– एक कार्यकर्ता, सुदामा नगर

कृतिदेवमध्ये देवनागरी साठवलेलीच नसते. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे सोंग देतो. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. कन्व्हर्टरला प्रत्येक ठिकाणी ही उलथापालथ करावी लागते आणि जोडाक्षर आले की तो चुकतो. सुट्या पडलेल्या मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसले की समजा, क्रम बिघडला.

आधी मूळ फाइलची प्रत काढा. मग वर्डच्या शोध-खिडकीत फॉन्ट म्हणून कृतिदेव निवडा आणि तेवढाच मजकूर बदला. सरसकट सगळी फाइल टाकली, तर तिच्यातले खरे इंग्रजी शब्द आणि ईमेलचे पत्तेही 'देवनागरी' होतात. इथेच बहुतेकांचे घोडे पेंड खाते. श्रीलिपी या तशाच दुसऱ्या जुन्या पद्धतीची सांकेतिक रचना वेगळी, तिला कृतिदेवचा कन्व्हर्टर चालणार नाही. बदललेला मजकूर साधा मजकूर म्हणून चिकटवा आणि नंतर फॉन्ट द्या. शेवटी 'ऱ्य', 'ऱ्ह' हवे तिथे रफार पडला आहे का, हे पाहायला 'र्य' आणि 'र्ह' शोधून एकेक जागा डोळ्यांनी तपासा. एकदम सगळे बदलण्याचा मोह टाळा, नाहीतर 'कार्य', 'पर्याय' आणि 'गर्हा' यांचीही वाट लागेल.

पुढची स्मरणिका तरी युनिकोडमध्ये करा. मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी या संगणक-टंकन कौशल्याच्या परीक्षेत रेमिंग्टन गेल कळफलक चालतो, तो युनिकोडचाच आहे. कृतिदेवला सरावलेल्या टंकलेखकाला नवे फार थोडे शिकावे लागते.

मागच्या रांगेतून वाचता यावे म्हणून अक्षर किती मोठे ठेवावे?
– ग्रंथालयातील कार्यकर्ती

मोजून ठरवा. रुंद स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते. पडदा १.५ मीटर उंच असेल तर १ पॉइंट म्हणजे पडद्यावर साधारण २.८ मिलिमीटर. शेवटची खुर्ची १२ मीटरवर असेल, तर शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षर सुमारे ५ सेंटिमीटर हवे, म्हणजे १८ पॉइंट. पण फॉन्टच्या आकाराचा बराच भाग वरच्या-खालच्या मात्रा खातात. तेव्हा ३२ पॉइंटच्या खाली उतरू नका. पडदा लहान असेल तर अक्षर त्याच प्रमाणात वाढवा. ओळींतले अंतर १.२ पट ठेवा. 'एक्झॅक्टली' हा पर्याय वापरलात तर वेलांट्या आणि उकार छाटले जातात. उजेडातल्या सभागृहात प्रोजेक्टर काळा रंग दाखवूच शकत नाही, म्हणून पांढऱ्यावर गडद आणि जाडसर अक्षर.

जुना प्रोजेक्टर १०२४ × ७६८ पिक्सेलचा असेल तर रुंद स्लाइडची उंची ५७६ पिक्सेलच उरते. पाव पडदा फुकट जातो. आधी विचारून घ्या आणि स्लाइड ४:३ मध्ये करा.

जेल रोडवरून टाइप-सीचा एचडीएमआय ॲडॅप्टर आणला. त्याच्यावर पेनड्राइव्ह चालतो, चार्जिंग होते, पण चित्र येत नाही.
– महाविद्यालयीन विद्यार्थी

ॲडॅप्टर बहुधा ठीक आहे, लॅपटॉपच्या त्या छिद्रातून चित्र निघतच नसेल. टाइप-सी हा केवळ आकार. चित्रासाठी आत डिस्प्लेपोर्टची सोय लागते. शेजारी डी आणि पी ही अक्षरे किंवा विजेची खूण आहे का ते पाहा, नसल्यास मॉडेलची माहिती तपासा. बहुतेक स्वस्त मोबाइलमध्येही ही सोय नसते. सभागृहात फक्त व्हीजीए असेल, तर एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा कन्व्हर्टर मागा. उलट दिशेचा दिसतो सारखाच, पण चालत नाही. व्हीजीएतून आवाज जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

सोदाहरण व्याख्यानात लॅपटॉपवरून नाट्यगीत लावले. तबला-पेटी ऐकू आली, गायिकेचा आवाज गडप! ध्वनिव्यवस्थेवाला म्हणे, फाइल खराब आहे.
– संगीतप्रेमी, राजवाडा परिसर

फाइल निर्दोष आहे. लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर पिनेवर डावा आणि उजवा असे दोन प्रवाह असतात. ती पिन माइकच्या तीन टोकांच्या एक्सएलआर जोडणीत घातली की मिक्सर एका प्रवाहातून दुसरा वजा करतो. माइकच्या तारेतली खरखर घालवण्याची ती पद्धतच आहे. गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून वजा होऊन शून्य. वाद्ये डावी-उजवी विखुरलेली, ती उरतात. जुने मोनो ध्वनिमुद्रण लावले असते तर जवळजवळ काहीच ऐकू आले नसते.

एका टोकाला ३.५ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिलिमीटरच्या दोन मोनो पिना असलेली केबल घ्या आणि ती मिक्सरच्या लाइन जोडणीत लावा. माइकचीच जोडणी शिल्लक असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे आवाज माइकच्या जोडणीला साजेसा करणारी डबी, हवा. ऐन वेळी यातले काहीच नसेल, तर विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये उजवी बाजू शून्यावर आणा. वजा करायला काही उरत नाही, गाणे ऐकू येते. त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे तारेतून माइकला दिली जाणारी वीज, मात्र आधी बंद करायला सांगा. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येत असेल तर तेवढा वेळ बॅटरीवर चालवा.

स्लाइड पुढे नेणारा रिमोट मध्येच अडकतो.
– अनेक वाचक

तो कळफलकावरच्या 'पेज डाउन' कळीचे काम करतो. दुसरी खिडकी पुढे आली की कळ तिला जाते. तसे नसेल तर त्याचे यूएसबी बोंडुक, म्हणजे त्याच्यासोबत येणारा छोटा रिसीव्हर, लॅपटॉपच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या छिद्रातून काढा. शेजारच्या तशाच छिद्रात चालू असलेल्या हार्डडिस्कमुळे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि रिमोट त्याच पट्ट्यात बोलतो. फूटभर एक्स्टेन्शन केबल लावून बोंडुक टेबलावर, वक्त्याकडे तोंड करून ठेवले की बहुधा भागते.