‘कीका’ पुन्हा पाहावा का?

प्रश्न : पेद्रो आल्मोदोवार यांचा ‘कीका’ हा स्पॅनिश चित्रपट पूर्वी पाहिला, तेव्हा बलात्काराच्या प्रसंगावर प्रेक्षकांनी हसावे ही त्याची अपेक्षा मला असह्य झाली होती. दूरचित्रवाणीवरची त्यातली टीका मात्र काळाच्या पुढची होती, असे आता ऐकतो. तो पुन्हा पाहावा का?
— एक वाचक

उत्तर : अवश्य पाहावा, मात्र त्यासाठी आपला जुना आक्षेप मागे घेण्याचे कारण नाही.

‘काळाच्या पुढची’ हे विशेषण तेवढे मला पटत नाही. चित्रपट १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. स्पेनमध्ये खासगी वाहिन्यांना वाट करून देणारा कायदा १९८८ चा, आणि १९९० पासून त्यांची प्रेक्षक खेचण्याची चढाओढ सुरू झालेली होती. १९९३ च्याच जानेवारीत आल्कासेर या गावातल्या तीन बेपत्ता मुलींचे मृतदेह सापडले, तेव्हा शोकाने कोसळलेल्या कुटुंबीयांसमोर थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे उभे राहिले होते. व्हिक्टोरिया आब्रिल यांनी साकारलेली आंद्रिया, म्हणजे ‘दिवसातले सर्वांत वाईट’ अशा नावाचा कार्यक्रम चालवणारी निवेदिका, त्या काळातूनच आलेली आहे.

तिच्या वेशाकडे या वेळी नीट पाहावे. फ्रेंच वेशभूषाकार जाँ पॉल गोतिए यांचे ते भडक कपडे लक्ष वेधतात खरे, पण मर्म आहे ते शिरस्त्राणावर बसवलेल्या कॅमेऱ्यात. तो हातात असता तर खाली ठेवता आला असता. इथे मान वळवली की चित्रण होते, त्यामुळे समोरच्या दुःखी माणसाकडे नुसते पाहणे आंद्रियाला शक्यच उरत नाही.

दोष आहे तो दिग्दर्शकाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात. बलात्काराचा प्रसंग त्यांनी प्रहसनासारखा लांबवला आहे, नंतर आलेल्या पोलिसांनाही विनोदाच्या कामाला लावले आहे, आणि ज्या हव्यासाबद्दल आंद्रियाला धारेवर धरायचे त्याच हव्यासाने तो स्वतः चित्रित केला आहे. त्यातल्या अमेरिकन लेखकाच्या पात्राभोवतीचे रहस्यकथानक तर ओढूनताणून जोडलेले वाटते. (त्या भागात मी दोन्ही वेळा कंटाळलो.)

तरीही त्याच प्रसंगाची चोरून टिपलेली फीत आंद्रियाच्या कार्यक्रमात दाखवली जाते आणि नायिका कीका स्वतःला पडद्यावर पाहते, तेव्हा मघाचा विनोद घशात अडकतो. वेरोनिका फोर्के यांना कीकाच्या भूमिकेसाठी गोया हा स्पेनचा चित्रपट पुरस्कार मिळाला. तोवर बडबडी, भाबडी वाटणारी कीका तिथे त्यांनी ज्या तऱ्हेने उभी केली आहे, तेवढ्यासाठी मी हा चित्रपट तिसऱ्यांदाही पाहीन.