वाचकांचे प्रश्न : मोटरहोममधून शरदातली इटली

प्रश्न : मी ६१ वर्षांचा असून पत्नी ५८ वर्षांची आहे. दोघेही नोकरीतून निवृत्त झालो आहोत. या ऑक्टोबरमध्ये इटलीत मोटरहोम, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन अठरा दिवस फिरावे, असा बेत आहे. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स आणि अमाल्फीचा किनारा अशी यादी मी केली आहे. पत्नीला ती धावपळ वाटते. मी पस्तीस वर्षे मोटार चालवतो आहे, परंतु परदेशात कधीही चालवलेली नाही. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते, एवढेच घरात सांगितले जाते. त्या भागात जाता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे मला पटते. आपण दिलेली सातही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु ती रेल्वेने वा बसने पाहायची आहेत. इटलीतील जुन्या शहरांच्या गल्ल्या घोडा आणि खेचर यांच्या मापाने बांधलेल्या आहेत आणि आपले वाहन सात मीटर लांब, सव्वादोन मीटरांहून रुंद आणि जवळजवळ तीन मीटर उंच असणार आहे. व्हेनिसमध्ये तर रस्ताच नाही. अमाल्फीच्या किनाऱ्यावरील रस्त्यावर मोटरहोमना दिवसाचा बहुतेक काळ बंदी असते, आणि ती नसती तरी एका बाजूला कडा व दुसऱ्या बाजूला समुद्र अशा वळणांवर समोरून बस आल्यावर मागे घेण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, असेच मी म्हणेन. आपली यादी पूर्ण करायची तर दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागेल आणि मोटरहोम घेतल्याचे खरे सुख एकाही दिवशी मिळणार नाही.

ते सुख गाडी उभी असताना मिळते. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघांनी तीन वेळा असा प्रवास केला आहे. पहिल्या वेळी आम्हीही रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर जात होतो. संध्याकाळी अंधारात जागा शोधायची, घाईने काहीतरी शिजवायचे आणि झोपायचे, हाच क्रम होता. तिसऱ्या वेळी ओर्चा नदीच्या खोऱ्यात पिएन्झा गावाबाहेर सलग चार रात्री एकाच जागी राहिलो. सकाळी जाग यायची तेव्हा काचा आतून दवाने भरलेल्या असायच्या. कापडाने पुसून पाहिले की खाली खोऱ्यात धुके साचलेले आणि त्यातून टेकड्यांचे माथे तेवढे वर आलेले दिसायचे. नऊच्या सुमारास धुके विरळ झाले की ट्रॅक्टर नांगरटीला लागत, आणि नुकत्याच उलटलेल्या चिकणमातीचा वास खिडकीपर्यंत येई. चहाचा कप हातात घेऊन हे पाहत बसायला तिकीट नाही, रांग नाही. त्या चार दिवसांत गाडीचे चाक हलले नाही आणि त्या प्रवासातील सर्वांत जास्त आठवणी त्याच चार दिवसांच्या आहेत.

म्हणून माझी सूचना अशी की, आपण मध्य इटलीतील उंब्रिया आणि दक्षिण तोस्कानी (टस्कनी) हे दोनच प्रदेश निवडावेत. रोमजवळ गाडी ताब्यात घ्यावी. पहिला मुक्काम ओर्व्हिएतोला करावा. तेथे रेल्वे स्थानकापाशीच मोटरहोमसाठी तळ आहे आणि समोरून केबल रेल्वे थेट कड्यावरील गावात नेऊन सोडते, त्यामुळे पहिल्याच दिवशी गाडी चढावर न्यावी लागत नाही. तेथून असिसी, मग तिबेर (टायबर) नदीचे वरचे खोरे, मग सिएना आणि शेवटी पिएन्झा. रोमला परत येईपर्यंत सारे अंतर सातशे किलोमीटरांच्या आत-बाहेर राहील. परतल्यावर प्रथम गाडी कंपनीच्या स्वाधीन करावी आणि रोमसाठीचे दोन-तीन दिवस साध्या हॉटेलात राहून पायी व मेट्रोने फिरावे. फ्लॉरेन्स पाहायचेच असेल तर सिएनाहून बसने सकाळी जाऊन रात्री परतता येते.

तारखांबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण इटलीतील शरद आपल्या शरदासारखा नसतो. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये उकाडा परततो. तेथे त्याच महिन्यात दर आठवड्याला ऋतू एकेक पायरी खाली उतरत असतो. ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिसांचा दिवस असल्याने त्या सुमारास असिसीत पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते आणि आदल्या दिवशी सव्वासहाच्या आसपास मावळणारा सूर्य एकाएकी सव्वापाचच्या सुमारास मावळू लागतो. नोव्हेंबर हा मध्य इटलीत चांगल्याच पावसाचा महिना असतो. हे सर्व पाहता आपण ५ ऑक्टोबरला सुरुवात करून २२ ऑक्टोबरला गाडी परत करावी, हे उत्तम. द्राक्षांची तोडणी बहुतेक उरकलेली असते, चेस्टनट आणि रानातले अळंबे बाजारात आलेले असतात, दिवसा स्वेटरवर भागते आणि रात्री गाडीतील हीटर लावावा लागतो.

या तारखांमुळे एक गोष्ट मात्र थोडी हुकते, आणि ती मला मनापासून आवडते म्हणून सांगते. ऑलिव्हची तोडणी खऱ्या अर्थाने ऑक्टोबरच्या अखेरीस भरात येते. आम्ही एका वर्षी तेवढ्या उशिरा गेलो होतो. ज्या शेतावर गाडी लावली होती तेथील आजीबाई झाडाखाली जाळी पसरून फणीसारख्या छोट्या दाताळ्याने फांद्या विंचरत होत्या. फळे जाळीवर पडताना पागोळ्यांसारखा आवाज होत होता. रात्री त्यांनी चुलीवर भाजलेल्या पावावर आदल्या दिवशी घाण्यावरून आणलेले हिरवेगार तेल ओतून दिले. ताजे तेल घशात मिरीसारखे झणझणते, हे तोवर मला ठाऊक नव्हते. त्या वर्षी आमच्या पाच संध्याकाळी पावसात गेल्या. तरीही, आपल्याला उजेडापेक्षा तेल महत्त्वाचे वाटत असेल तर दहा दिवस उशिरा निघण्यास माझी हरकत नाही.

आता आपल्या आजोबांविषयी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीच्या मोहिमेत लढल्या, आणि तिबेरचे वरचे खोरे आपल्या मार्गावर मी मुद्दाम ठेवले आहे. त्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. ते ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे, वय अवघे बावीस. त्यांच्या तुकडीतील सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. काडतुसांची पेटी बदलायलाही वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि ती मशीनगन त्यांनी बंद पाडली. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ज्ञात कबर वा समाधी नाही. कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. त्याच खोऱ्यातील मोन्तोने या टेकडीवरच्या छोट्या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्यासाठी निवडले आहे. गाडी गावाखाली ठेवावी आणि चढ पायी चढावा. निघण्यापूर्वी आजोबांचा सैनिक क्रमांक व पलटण घरातील जुन्या कागदपत्रांत सापडते का पाहावे. पलटण कळली तर ती कोणत्या नदीकाठी, कोणत्या गावी होती, हे शोधणे पुष्कळ सोपे होते.

परवान्याचे काम किचकट नाही. आपला मूळ परवाना आणि आरटीओकडून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना, असे दोन्ही बरोबर हवेत. एकूण वजन ३,५०० किलोपर्यंत असलेले मोटरहोम मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. शेंगेन व्हिसाच्या अर्जासाठी मुक्कामाचे पुरावे लागतात आणि मोटरहोमवाल्यांची तेथेच अडचण होते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर रद्द करता येणारे कॅम्पसाइटचे आरक्षण आधी करून ठेवावे. पहिल्या दिवशी विमानातून उतरल्या-उतरल्या गाडी घेऊ नये. रात्रभर झोप झालेली नसताना उजव्या बाजूने, डावीकडच्या सुकाणूवर, सात मीटरांची गाडी चालवणे धोक्याचे आहे, मग अनुभव पस्तीस वर्षांचा असला तरीही.

एका गोष्टीबद्दल मात्र आपल्याला निक्षून सांगायचे आहे. इटलीतील जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराच्या मध्यभागी वाहनांना मर्यादित प्रवेश असतो. त्याला ‘झोना आ त्राफिको लिमितातो’ म्हणतात. वेशीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा असतो. अडवायला माणूस नसतो. खाली उजळणाऱ्या अक्षरांत ‘वार्को आत्तिवो’ असे येते. ‘आत्तिवो’ म्हणजे चालू, अर्थात प्रवेश चालू, असा आम्ही समज करून घेतला. प्रत्यक्षात चालू असतो तो पहारा, म्हणजेच प्रवेश बंद असतो. ‘नोन आत्तिवो’ असेल तेव्हाच जाता येते. तोस्कानीतील एका शहरात संध्याकाळी फोनमधील नकाशाच्या भरवशावर आम्ही अशा दोन वेशी ओलांडल्या. सात महिन्यांनी पुण्याच्या घरी दंडाची दोन पत्रे आली, आणि आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे शुल्क भाड्याच्या कंपनीने आधीच कार्डातून वळते केले होते. परदेशी वाहनचालकाला नोटीस पाठवण्यास तेथील कायद्याने ३६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे पत्र आले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. फोनचा नकाशा गावाच्या मधोमध नेऊ लागला की तो बंद करून, बाहेरच्या वाहनतळाची पाटी शोधावी.

प्रश्न : आम्ही दोघे शाकाहारी आहोत. मोटरहोममध्ये रोजचा स्वयंपाक जमेल का? इंडक्शन शेगडी, कुकर आणि घरचे तूप नेण्याचा विचार आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कुकर छोटा न्यावा, इंडक्शन घरी ठेवावी. इटलीतील अनेक कॅम्पसाइटवर गाडीला तीन ते सहा अँपिअर एवढीच वीज मिळते. दोन हजार वॉटची साधी विजेची किटलीसुद्धा जवळजवळ नऊ अँपिअर ओढते, आणि मग बटण पडून अंधार होतो. गाडीत गॅसची दोन-तीन बर्नरची शेगडी असते, तीच वापरावी. फोडणी देताना छताची झडप उघडी ठेवणे विसरू नये. हिंग-मोहरीचा वास गाद्यांत बसला तर अनामत रकमेतून स्वच्छतेचे पैसे कापले जाऊ शकतात.

तूप, पेढे, बर्फी यांपैकी काहीही सामानात ठेवू नये. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. तेथे गेल्यावर लोणी विकत घेऊन गाडीतच कढवले तर दहा मिनिटांत तूप होते.

कडधान्यांची चिंता करू नये, कारण उंब्रियात आपण डाळीच्याच मुलखात असाल. कास्तेल्लुच्चो या पठारावरील बारीक मसूर भिजवावा लागत नाही आणि त्याची आमटी उत्कृष्ट होते. दुकानात ‘फारिना दी चेची’ मागावे. ते चण्याचे पीठ असते आणि त्याचे पिठले मी कित्येक रात्री केले आहे. लिगुरियाच्या किनाऱ्यावर त्याच पिठात पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून मोठ्या तव्यात भाजतात, त्याला फारिनाता म्हणतात. धिरड्याच्या इतक्या जवळचा पदार्थ परक्या देशात मिळाल्याचा आनंद आपल्यालाही होईल. चीजबाबत सावध राहावे. पार्मेजान वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात, आणि पिएन्झाच्या प्रसिद्ध पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजसाठीही बहुधा प्राणिजन्य रेनेट वापरलेले असते. काटेकोर शाकाहार पाळत असाल तर वेष्टनावर ‘काल्यो वेजेताले’, म्हणजे वनस्पतिजन्य रेनेट, असे लिहिलेले पाहूनच घ्यावे.

प्रश्न : रस्त्याकडेला गाडी लावून रात्र काढता येते का? आणि विचारायला संकोच वाटतो, पण शौचालयाच्या टाकीचे काय करायचे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : संकोचाचे कारण नाही, निघण्यापूर्वी विचारावा असाच हा प्रश्न आहे. इटलीच्या वाहन कायद्यानुसार पार्किंगला परवानगी असेल तेथे मोटरहोम उभे करता येते, परंतु ते केवळ स्वतःच्या चाकांवर उभे असले पाहिजे, त्यातून सांडपाणी बाहेर पडता कामा नये आणि त्याने स्वतःच्या मापाबाहेर जागा अडवता कामा नये. आपण बाहेर खुर्ची मांडली, गाडीच्या बाजूचे कापडी छत उघडले किंवा चाकाखाली उतारासाठी ठोकळे ठेवले की ते पार्किंग न राहता तंबू ठोकणे ठरते आणि दंड होऊ शकतो. त्याऐवजी पाटीवर ‘आरेआ दी सोस्ता’ असे लिहिलेले तळ शोधावेत. अनेक गावांनी ते मोटरहोमसाठीच राखलेले असतात आणि कॅम्पसाइटच्या मानाने स्वस्त असतात.

शौचालयाखाली बाहेरच्या दारातून ओढून काढता येणारी, सुमारे वीस लिटरची टाकी असते. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. तळावर तिच्यासाठी वेगळी मोरी आणि वेगळा नळ असतो. त्या नळाचे पाणी पिण्याच्या टाकीत कधीही भरू नये. हातमोजे घालावेत, टाकी ओतताना हवेचे बटण दाबून धरावे म्हणजे उडत नाही, दोनदा विसळावी आणि कंपनीने दिलेले द्रव्य घालून परत सरकवावी. आमच्याकडे हे काम यजमान सकाळच्या चहापूर्वी उरकत आणि तेवढ्या वेळात मी पिण्याच्या पाण्याची टाकी भरून घेत असे. पंधरा मिनिटांत दोन्ही कामे होतात.