आरडीच्या कॉइलसाठी एसआयपी थांबवू का?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडिलांची 1986 ची दोन सिलिंडरची मोटारसायकल, राजदूत आरडी 350, गरम झाली की डावा सिलिंडर मिस मारतो (मध्येच पेटत नाही), मेकॅनिक म्हणाला दोन्ही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणाऱ्या) गेल्या. बाहेरून ओरिजिनल जोडी मागवली तर कुरियर-कस्टम धरून 19 हजार. ते कार्डावर 6 महिन्यांच्या ईएमआयने घेऊ की 5 हजारांची एसआयपी चार महिने थांबवू, असं विचारतायत. पगार हातात 52 हजार, अडीअडचणीला बाजूला 40 हजार. शेवटी एक वाक्य टाकलंय, "गाडीची किंमत वाढतेय म्हणजे गुंतवणूकच झाली ना सर?"

सर म्हणतो, नाही झाली. वडिलांची गाडी तुम्ही विकणार आहात का? नाही ना, मग किंमत वाढो की पडो, तुमच्या खिशात काय येणार? व्हिंटेजचंही डोक्यात असेल तर त्या नोंदणीला गाडी 50 वर्षांची व्हावी लागते, म्हणजे 2036 उजाडेल. हौस आहे, हौस म्हणूनच खर्च करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण मला खरं अडलंय ते दुसरीकडेच. मिस मारतो फक्त डावा, मग दोन्ही कॉइल कशा गेल्या? आरडीला प्रत्येक सिलिंडरची कॉइल वेगळी, पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारा स्विच) वेगळा, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा) वेगळा. तर आधी फुकटातली टेस्ट करा, डावी कॉइल उजवीकडे लावा, उजवी डावीकडे, आणि सिंहगड रोडला गाडी चांगली गरम होईपर्यंत फिरवून या. मिस उजवीकडे गेला तर कॉइल, डावीकडेच राहिला तर कंडेन्सर, पॉइंट, प्लग कॅप यातलं काहीतरी, म्हणजे शे-दोनशेचं काम. (मी माझ्या येझदीला असाच घाईने नवी कॉइल घालून बसलो होतो, निघाला कंडेन्सर. घरी अजून ऐकवतात.)

समजा कॉइलच निघाली, तर एकच घ्यायचीय, खर्च तिथेच निम्मा झाला. तीनचारशेचा मल्टीमीटर घ्या, जुनी कॉइल पिशवीत टाका आणि नाना पेठेत जा. पॉइंटवाल्या गाडीची 12 व्होल्टची कॉइल मागायची, काउंटरवरच प्रायमरी (आतल्या दोन वेटोळ्यांपैकी बॅटरीचा करंट जाते ते) मीटरने मोजायची, 4 ओहमच्या आसपास हवी. दुकानदार "हीच बसते सगळ्यांना" म्हणत सीडीआयची (पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) देईल, तिचा ओहम एकच्याही खाली असतो, मग करंट भरमसाठ ओढला जातो, पॉइंट जळतात आणि कॉइलही तापते, स्वस्तात घेतलेली महाग पडते ती इथे. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात ओरिजिनल दिसेलही, पण कॉइल थंड असताना मीटरवर बरी दाखवते आणि गरम झाल्यावर मान टाकते, आणि तिथे परत कोण घेणार? बॅज, आरसे खुशाल घ्या तिथून, कॉइल नको.

आता पैशाचं. एसआयपीचे 20 हजार 12 टक्क्यांनी 15 वर्षांत 1 लाख 9 हजार होतात, पण हे गणित घाबरवायला बरं असतं, 12 मिळतीलच कशावरून, त्यामुळे मी त्यावर फार जोर देत नाही. मला जास्त खटकतात ते 40 हजार. पुण्यात भाडं भरून राहणाऱ्या माणसाला ते महिनाभर तरी पुरतील का? हा अडीअडचणीचा डबा भरायच्या आधी अंगावर हप्ता घ्यायचा नाही. कार्डाच्या ईएमआयला व्याज, व्याजावर 18 टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी, आणि एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरलं नाही की उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के.

त्यामुळे 19 हजारांची जोडी आत्ता नको, एसआयपीला हात लावू नका. इथल्या कॉइलचा खर्च या महिन्याच्या पगारातून निघेल, एखादं बाहेरचं जेवण कमी होईल इतकंच. बाहेरचा माल हवाच असेल तर गाडीच्या नावाने वेगळं आरडी खातं काढा (बँकेतलं हो, रिकरिंग), महिना दीड हजार, तेरा महिन्यांत जोडी. तोवर कदाचित पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनच टाकावंसं वाटेल, रोज चालवणार असाल तर ते पटण्यासारखं आहे, रविवारच्या फेरीसाठी नाही.

आणि अदलाबदलीत जी कॉइल चांगली ठरेल तिच्यावर पेनाने तारीख आणि ओहम लिहून ठेवा, मेकॅनिकने पुन्हा "दोन्ही गेल्या" म्हटलं तर दाखवायला.