ऑपरेशनमध्ये त्वचेवरच्या सेन्सरने रक्तातले वायू कळतात, तर मनगटात सुई कशाला टोचतात?

बोटाची क्लिप म्हणजेच हा सेन्सर, असा तुमचा समज दिसतो. क्लिप प्रकाशावर चालते आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन सांगते, बस. तुम्ही म्हणताय तो सेन्सर त्वचा ४२ ते ४४ अंशांपर्यंत तापवतो, खालच्या केशवाहिन्या फुलतात आणि त्वचेतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड तो मोजतो.

मी नाशिकला भूल देतो. सिन्नरकडचे एक आजोबा पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला आले होते. जन्मभर विड्या ओढलेल्या, छातीचा पार भाता झालेला. नेमकं तेव्हा हे मशीन डेमोला आलं होतं, म्हणून सेन्सर छातीवर चिकटवला. दुर्बिणीसाठी पोटात गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच, भरल्यावर आकडा चढू लागला. कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, म्हणतोय ४१, सेन्सर म्हणतोय ६०. धड फुफ्फुसात हा फरक तीन-पाचाचा असतो. खराब फुफ्फुसात बाहेर पडणाऱ्या हवेवरून रक्तातलं कळत नाही. सर्जनना म्हटलं, पोटातल्या गॅसचं प्रेशर १४ वरून १० वर आणा. उत्तर काय, तर "सॅच्युरेशन शंभर आहे ना डॉक्टर? मग?" अहो, नळीतून ऑक्सिजन सोडतोय, शंभर येणारच! आत कार्बन डायऑक्साइड साठला तरी बोटाला पत्ता नसतो. शेवटी मनगटातल्या धमनीत सुई टोचून रक्त घेतलं आणि एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, पाठवली; आकडा ५७ आला. तेव्हा कुठे प्रेशर उतरलं.

आता सुईचं. पीएच, बायकार्बोनेट, लॅक्टेट त्वचेवरून मिळत नाहीत, आणि सेन्सर खरं बोलतोय का हेही एकदा ताडून बघावं लागतं. मधल्या वेळात आकडा कुठे चाललाय, ते सेन्सर सांगतो. या सेन्सरने ऑक्सिजन मोजण्याचं म्हणाल, तर नवजात बाळांच्या पातळ त्वचेत ठीक. मोठ्यांमध्ये मी त्यावर विसंबत नाही.

आणि हो, पेशंट शॉकमध्ये असेल, अंग गार पडलं असेल किंवा सूज असेल, तर हा सेन्सरही फसवतो. लावल्यावर स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटं जातात. जागा बदलत राहिलं नाही तर त्वचा भाजते.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल आणि दमा-विडीचा इतिहास असेल, तर आधी भूलतज्ज्ञाला भेटा. सर्जन "काही होत नाही" म्हणतील. डेमोचं मशीन परत गेलं, "महाग आहे" म्हणून. त्याच महिन्यात दुर्बिणीच्या नव्या कॅमेऱ्याच्या कोटेशनवर मात्र मुकाट्याने सही झाली.