रात्रीचे अलर्ट आणि राजीनामा

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी अडीच वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, महिन्यातले दोन आठवडे ऑन-कॉल असते (सिस्टिम बिघडली तर रात्रीही फोन घेऊन ती बघण्याची पाळी) आणि रात्री दोन-तीनदा उठते. आता ती नोकरी सोडून एमपीएससी करायचं म्हणते, तिला सोडू द्यावं का, हा तुमचा प्रश्न. इतक्यात नको. कोडिंग तिला अजून आवडतं असं तुम्हीच लिहिलंय. त्रास आहे तो पाळी लावण्याच्या पद्धतीचा, आणि ती बदलता येते.

महिन्यात दोन आठवडे म्हणजे पाळीत दोघंच. गूगलचा जाहीर दंडक असा, की एकाच ठिकाणच्या टीममध्ये पाळीला किमान आठ जण हवेत आणि बारा तासांत बिघाडाच्या दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत. छोट्या टीमला आठ जण परवडत नाहीत, पण चारजण मागायलाच हवेत.

त्याआधी पुढच्या ऑन-कॉलमध्ये तिला प्रत्येक अलर्ट (सिस्टिमकडून फोनवर आपोआप येणारा इशारा) तक्त्यात लिहून ठेवायला सांगा: किती वाजता आला, तिने काय केलं, पुन्हा झोपायला किती वेळ गेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळपर्यंत हात लावला नसता तर काय बिघडलं असतं? डिस्क ८० टक्के भरली म्हणून रात्री तीनला फोन वाजतो, पण ती रोज एखाद्या टक्क्यानेच भरत असेल तर ते दिवसाचं तिकीट आहे, म्हणजे नोंदवून सकाळी करायचं काम. सीपीयूवरचा, म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरवरचा, भार दोन मिनिटं चढून आपोआप उतरत असेल, तर दहा मिनिटं चढलेला राहिला तरच अलर्ट यावा. असे अलर्ट साचतात, कारण नवा लावणं सोपं असतं. जुना काढायची जबाबदारी कुणीच घेत नाही. मग सततच्या खोट्या अलर्टमध्ये खरा निसटतो.

मॅनेजरकडे हा तक्ता घेऊन जावं. नुसतं "ताण येतोय" म्हटलं तर सहानुभूती मिळते, पाळी बदलत नाही. मागण्या नेमक्या हव्यात: निरुपयोगी अलर्ट बंद, पाळीत आणखी दोघं, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा सुरुवात. महिनाभरात काही हललं नाही तर आधी प्रोजेक्ट बदलून मागावा, मग दुसरी कंपनी. तिथल्या मुलाखतीत पाळीत किती जण आहेत, गेल्या महिन्यात रात्री किती फोन आले, हे बिनधास्त विचारावं. नोटीस पिरियड किती, ते ऑफर लेटरमध्ये आजच बघून ठेवा. एमपीएससीचा विचार झोप सुधारल्यावर, स्वतंत्रपणे करा.

मात्र ऑन-कॉल नसतानाही झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल किंवा "जगण्यात अर्थ नाही" असं काही ती बोलली असेल, तर तक्त्याची वाट न बघता तिला डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.